सूर्याची नोंदवही

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. बचत गटाची ताई हप्ते आणि इतिवृत्त सोडून सूर्यावर कशी काय घसरली? मे २०२४ पर्यंत मलाही हा विषय आपला वाटला नसता.

आठवून बघा. त्या वर्षी अक्षय्य तृतीया १० मेला होती. ७ तारखेला मतदान होऊन गेलेलं, उन्हाचा तडाखा, पाण्याची ओढाताण. रविवारी १२ तारखेला एका गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते आले, आणि एकीनं मोबाईल पुढे केला. सूर्यावर स्फोट झालाय, लाटा पृथ्वीकडे निघाल्यात, मोबाईल बंद ठेवा, गरोदर बायांनी बाहेर पडू नये, बँकांचे कॉम्प्युटर कोरे होणार. खाली लिहिलेलं, दहा जणांना पाठवा.

गटातल्या एक आजी म्हणाल्या, "ताई, पैसं घरातच ऱ्हाऊ द्या. बँकेतलं उडालं तर कुनाला इचारायचं?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी बीए झालेली, मला माहीत असणार असा त्यांचा समज. मला काहीच सांगता आलं नाही. पैसे खजिनदार ताईंच्या डब्यात राहिले, सोमवारी बँकेत गेलेच नाहीत, पुढच्या आठवड्यात भरले. हप्त्याची तारीख उलटून गेली आणि त्या महिन्याची व्याजाची सवलत हुकली. चूक आमचीच होती. रक्कम फार मोठी नव्हती, पण बारा जणींच्या घामाची होती. म्हणून मग मी वाचायला बसले.

पहिली गोष्ट कळली ती ही, की तो निरोप पूर्ण खोटा नव्हता. १० आणि ११ मेला खरोखरच सौर वादळ आलं होतं, गेल्या वीस वर्षांतलं सर्वांत मोठं. लडाखमध्ये हानले इथं रात्रीचं आभाळ तांबडं झालेलं दुर्बिणीवाल्यांनी टिपलं. अमेरिकेत मक्याची पेरणी चालू होती. तिथले ट्रॅक्टर जीपीएसच्या आधारानं सरळ तास धरतात. कित्येक शेतकऱ्यांना ट्रॅक्टर उभे करावे लागले. आपल्याकडे वादळाचा जोर ११ तारखेच्या पहाटे आला. त्या वेळी वरची हवा पुरती तापलेली नसते, त्यामुळे आपल्याला झळ कमी लागली, असं इस्रोनं नंतर सांगितलं. बँकेतला एक रुपयाही हलला नाही.

मग खरं काय आणि खोटं काय, हे आधीच कसं ओळखायचं? त्यासाठी सूर्यावर कोणीतरी सतत डोळा ठेवून लिहीत बसावं लागतं. आणि या कामाचा एक फार जुना धागा आपल्या मुंबईत आहे.

कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ मध्ये वेधशाळा बांधली. १८४१ पासून तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित नोंद सुरू झाली. केरूनाना छत्रे, म्हणजे लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू, तरुणपणी याच वेधशाळेत नोकरीला होते. काम काय, तर दोऱ्यांना टांगलेलं चुंबक किती हललं ते छोट्या दुर्बिणीतून बघायचं आणि वहीत लिहायचं. दर तासाला. दिवस असो, रात्र असो, पाऊस असो. चुंबक बहुतेक वेळा जरासंच हलायचं. आपल्या हजेरी रजिस्टरसारखं कंटाळवाणं काम! महिनोन् महिने तेच आकडे, आणि वरून कुणी विचारणारही नाही.

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे गृहस्थ सूर्याच्या डागांचं चित्र काढत होते. डागांच्या मोठ्या पुंजक्यावर एकाएकी दोन झगझगीत ठिपके उठले आणि पाच मिनिटांत विझले. डोळ्यांनी पाहिलेली ही पहिली सौर ज्वाला. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ धडकलं. तारायंत्रावर काम करणाऱ्यांना झटके बसले. अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंड इथल्या तारमास्तरांनी तर बॅटरी काढून टाकली आणि तारेत आपोआप आलेल्या विजेवर संदेश पाठवले.

त्या वेळी मुंबईत २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याला चुंबक नेहमीसारखं जरासं न हलता भलतीकडे सरकलं. वाचन करणाऱ्यांनी मग तासाची वाट पाहिली नाही, काही काही मिनिटांनी आकडे घेतले आणि लिहून ठेवले. अकराच्या सुमारास आडवा चुंबकीय जोर सुमारे १६०० नॅनोटेस्लानं खाली आला. नॅनोटेस्ला हे चुंबकत्वाचं बारीक माप. साध्या वादळात हा आकडा शे-दीडशेनं खाली येतो. मे २०२४ च्या मोठ्या वादळात, साऱ्या पृथ्वीची सरासरी धरून, तो चारशेच्या आसपास उतरला. एका ठिकाणच्या आकड्याची सरासरीशी तंतोतंत तुलना होत नाही, तरी अंदाज येतो.

या वहीचं पुढे काय झालं ते मला सर्वांत आवडलं. युरोपातल्या बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी मापं इतकी उडाली की यंत्राची पट्टीच संपली. कुलाबा विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ, त्यामुळे तिथली नोंद शाबूत राहिली. आणि २००३ मध्ये, म्हणजे १४४ वर्षांनी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी परदेशी शास्त्रज्ञांबरोबर ते जुने आकडे उलगडले. १८५९ चं वादळ किती मोठं होतं याचं उत्तर त्यातून जगाला मिळालं. आज कुठल्याही देशात "सर्वांत वाईट काय होऊ शकतं" याचा हिशेब मांडतात, तेव्हा मुंबईच्या त्या सकाळच्या वहीचा आधार घ्यावा लागतो. आपल्या गटात कुणी विचारलं ना, की "एवढं लिवून काय करायचं?", तर मी आता ही गोष्ट सांगते.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेनं चुंबक नाचणार! तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई मूस, या पदावरचे पहिले भारतीय. चुंबकाचं काम अलिबागला हलवायचं ठरलं. तिथली इमारत बांधताना लोखंड टाळलं आणि चुंबकत्व नसलेला दगड वापरला. १९०४ मध्ये अलिबागला नोंदी सुरू झाल्या, आणि दोन्ही ठिकाणच्या वह्या जुळाव्यात म्हणून काही काळ कुलाब्यालाही वाचन चालू ठेवलं. जुनं रजिस्टर संपलं की शिल्लक पुढच्या पानावर ओढून घेतो, अगदी तसंच. ती नोंद आजही चालू आहे.

पण चुंबकाला कळतं ते वादळ पोचल्यावर. गारा पडल्यावर पत्रा वाजतो, तसं. तासगाव-पलूसच्या द्राक्षवाल्या मैत्रिणींना विचारा, गारा पडून गेल्यावर इशारा मिळून काय उपयोग? आधी कळायला हवं, आणि त्यासाठी सूर्याच्या अंगणात बघायला हवं.

आता जरा ग्रहणाकडे येते. सूर्याभोवती विरळ, अतितप्त वायूचं एक वलय असतं. त्याला करोना म्हणतात. हो, तोच शब्द. करोना म्हणजे मुकुट, विषाणूला ते नाव नंतर मिळालं. वादळं याच मुकुटातून सुटतात. पण सूर्याच्या झगझगाटात तो दिसत नाही, खग्रास ग्रहणात दोन-चार मिनिटं दिसतो. म्हणून एके काळी त्या दोन-चार मिनिटांसाठी माणसं बोटीनं, बैलगाडीनं जगभर हिंडायची. आपल्याकडेही आली.

१८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाला लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला होते. जमखंडी आज कर्नाटकात, पण तेव्हा पटवर्धनांचं संस्थान, सांगली-मिरजेच्या भावकीतलं. पावसाळी ढग होते, तरी फटीतून त्यांना सूर्याच्या कडेच्या ज्वाळा दिसल्या आणि त्या तापलेल्या वायूच्या आहेत हे प्रकाशाच्या रेषांवरून कळलं. पुढे २२ जानेवारी १८९८ ला खग्रास ग्रहणाचा पट्टा थेट आपल्यावरून गेला. नॉर्मन लॉकयर कोकणात विजयदुर्गाला उतरले होते, पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला. नकाशावर विजयदुर्ग आणि जेऊर यांना पट्टीनं जोडा. रेघ कराड, वडूज, दहिवडीवरून जाते. आपल्या पणजीच्या पणजीनं त्या दुपारी अंधार पाहिला असणार, पाहू दिला असेल तर! ते प्लेगचे दिवस होते, लोकांच्या मनात आधीच धास्ती होती.

जाता जाता एक सांगते. हेलियमचा शोध १८६८ मध्ये लॉकयरसाहेबांनी विजयदुर्गाच्या किल्ल्यावरून लावला असं आपण सहलीत ऐकतो. त्या साली ते इंग्लंडमध्येच होते आणि ती पिवळी रेषा त्यांनी तिथूनच पाहिली. विजयदुर्गाला ते तीस वर्षांनी आले. आले हे मात्र खरं, आणि तेवढंही काही कमी नाही.

मुकुटाचं गूढ उकललं १९४० च्या सुमाराला. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंश तापलेला, पण वरचा मुकुट दहा-वीस लाख अंश! चुलीपेक्षा चुलीवरची हवा जास्त गरम, असा हा उलटा प्रकार. तो असा का, यावर अजून संशोधन चालू आहे. पण आपल्या विषयाला यातून एक वाट सापडली. इतकी तापलेली वस्तू एक्स-रे सोडते. सूर्याचा पृष्ठभाग त्या मानानं थंड, तो एक्स-रेमध्ये काळा दिसतो. म्हणजे एक्स-रे बघणारा डोळा असला तर मुकुट रोज दिसेल, ग्रहणाची वाटच बघायला नको.

अडचण एकच. सूर्याचे एक्स-रे जमिनीपर्यंत येत नाहीत. तुम्ही म्हणाल, दवाखान्यात तर ते हातातून आरपार जातात. पण आपल्या डोक्यावरची सगळी हवा म्हणजे वजनानं दहा मीटर पाण्याचा थर. भरलेल्या विहिरीच्या तळाशी बसून आभाळ बघण्यासारखं. हे किरण वरच अडतात, आणि आपण जिवंत आहोत ते त्यामुळेच. म्हणून डोळा हवेच्या वर न्यावा लागला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीकडून घेतलेली व्ही-टू अग्निबाणं अमेरिकेनं त्यासाठी वापरली. १९४९ मध्ये हर्बर्ट फ्रीडमन यांच्या यंत्रानं काही मिनिटांच्या उड्डाणात सूर्याचे एक्स-रे मोजले.

फोटो काढणं आणखी अवघड. साध्या आरशावर एक्स-रे समोरून पडले की परत फिरत नाहीत, आत शोषले जातात. मग आरसा जवळजवळ किरणांच्या दिशेनंच आडवा धरतात. तलावात चपटा दगड तिरका फेकला की तो बुडत नाही, टप्पे घेत जातो, तसे हे किरण आरशाला घासून वळतात. १९७३ मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकावरच्या दुर्बिणींनी अशी चित्रं घेतली. अंतराळवीर फिल्म बदलायचे आणि परतताना बरोबर घेऊन यायचे. मग १९९१ मध्ये जपाननं योहकोह उपग्रह पाठवला. दहा वर्षं त्यानं सूर्याचा मुकुट टिपला, आणि डिसेंबर २००१ मध्ये कंकणाकृती ग्रहण चालू असताना त्याचा सूर्यावरचा नेम सुटला, बॅटऱ्या उतरल्या आणि तो गेला. ग्रहणाचा फटका बसलेला मला एवढा एकच माहीत आहे. २०१९ च्या डिसेंबरातल्या ग्रहणात माझी जाऊ सातव्या महिन्यात होती. तिला सकाळभर उताणं झोपवून ठेवलेलं, पाणी नाही, कूस बदलायची नाही. तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. आता बोलले असते.

१९७० च्या दशकापासून अमेरिकेचे हवामान उपग्रह ढगांबरोबर सूर्याचे एक्स-रेही अखंड मोजतात. ज्वालेची प्रतवारी त्याच मापावर होते. सी, एम, एक्स अशा पायऱ्या, प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. ४ नोव्हेंबर २००३ ला इतकी मोठी ज्वाला उठली की यंत्राचं माप अकरा मिनिटं भरूनच राहिलं. पायली ओतून वाहावी तसं. नंतर अंदाजानं तिला एक्स-२८ म्हणतात.

त्याच वर्षी, ८ मे २००३ ला, आपल्या जीसॅट-२ उपग्रहाबरोबर अहमदाबादच्या संशोधन संस्थेचं सूर्याचे एक्स-रे मोजणारं यंत्र वर गेलं. चांद्रयान-२ आठवतं ना? त्याचं लँडर पडलं म्हणून आपण हळहळलो. पण त्याचा चंद्राभोवती फिरणारा भाग चांगला राहिला, आणि त्यावरही असंच यंत्र आहे. मग २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून आदित्य-एल१ निघालं. प्रकल्पाच्या प्रमुख निगार शाजी, तमिळनाडूच्या शेतकरी कुटुंबातल्या. ६ जानेवारी २०२४ ला ते ठरल्या जागी पोचलं, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, चंद्राच्या जवळपास चौपट लांब. तिथं पृथ्वीची सावली पडत नाही, ग्रहण नाही, रात्र नाही.

त्यावर सात यंत्रं आहेत. त्यातली दोन बंगळूरूत बनवलेली एक्स-रे यंत्रं. ती फोटो काढत नाहीत, एक्स-रे किती आले आणि किती जोरकस आले ते मोजतात. कुलाब्याच्या वाचनाचीच ही पुढची पिढी म्हणा. अतिनील प्रकाशात चित्र घेणारी दुर्बीण मात्र पुण्याच्या आयुका संस्थेनं बनवली, म्हणजे कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी उभारलेली ती संस्था. २२ फेब्रुवारी २०२४ ला एक्स-६.३ दर्जाची ज्वाला उठली तेव्हा या दुर्बिणीनं तिची जागा दाखवली आणि एक्स-रे यंत्रानं तिचा जोर सांगितला. दोन्ही जुळवून बघता आलं.

आता इशारा कसा मिळतो ते सांगते. वळवाच्या पावसात आधी वीज चमकते, गारा मागून येतात. एक्स-रे म्हणजे ती चमक. सूर्यापासून इथं यायला तिला आठ मिनिटं लागतात. तिच्या आधी कोणी इशारा देऊ शकत नाही, कारण तीच पहिली बातमी. तिनं वरची हवा बिघडते आणि लांब पल्ल्याचा शॉर्टवेव्ह रेडिओ काही वेळ मुका होतो. आपलं हे केंद्र एफएमवर आहे, त्याला काही होत नाही. ज्वालेबरोबर कधी कधी मुकुटातून चुंबकीय वायूचा लोट सुटतो. तो इथं यायला साधारण एक ते तीन दिवस घेतो. तेवढा वेळ हातात मिळतो. १९८९ च्या मार्चमध्ये असाच लोट कॅनडात क्वेबेक प्रांतावर आला, दीड-दोन मिनिटांत विजेचं जाळं कोसळलं आणि ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. लोट येतोय हे आधी नक्की कळलं तर वीजवाले भार कमी करून ठेवतात, उपग्रहवाले यंत्रं सांभाळतात.

हे शास्त्र अजून आपल्या पावसाच्या अंदाजाइतकंही पक्कं नाही, हेही सांगायला हवं. प्रत्येक ज्वालेबरोबर लोट येतोच असं नाही. आला तरी त्याचं चुंबकत्व कोणत्या बाजूचं आहे यावर नुकसान ठरतं, आणि ते खात्रीनं कळतं तो लोट आदित्यासारख्या यानाजवळ पोचल्यावर. तिथून पृथ्वी गाठायला त्याला अर्धा-पाऊण तास. म्हणून "अमुक दिवशी मोबाईल बंद पडणार" असं छातीठोक कुणी लिहिलं, की समजायचं, लिहिणाऱ्याला काही माहीत नाही.

तुम्ही म्हणाल, वीजवाले बघतील, आपल्याला काय? केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये पंधरा हजार बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायची योजना मंजूर केली. आमच्या भागातल्या एक ड्रोनदीदी उसावर फवारणी करतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "सॅटेलाइट किती लागलेत ते स्क्रीनवर बघितल्याशिवाय मी उडवतच नाही." उसाच्या फडावर ड्रोन भरकटला तर पंप, बॅटरी आणि कर्ज, तिन्ही गटाच्या गळ्यात. जीपीएसचा संदेश वरच्या त्याच थरातून येतो जो सूर्य बिघडवतो. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात भूचुंबकत्व संस्थेचं रडार आहे, ते वरच्या हवेतले वारे मोजतं. मी त्याच विद्यापीठाची बीए. तीन वर्षं परीक्षेचे अर्ज भरायला, मार्कलिस्ट आणायला गेले, पण आवारात आभाळाकडे कान लावलेलं असं काही आहे याचा पत्ता नव्हता.

त्या गटाची जून महिन्याची बैठक झाली तेव्हा मी हे सगळं मोडकंतोडकं सांगितलं. आजींनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मग त्या वहीत लिवणाऱ्यास्नी पगार किती हुता?" मी हसले, पण प्रश्न काही वाईट नव्हता. इतिवृत्तात ठराव लिहिला, की आपत्तीचा निरोप आला तर सरकारी सूचना आहे का ते तपासल्याशिवाय पैसे थांबवायचे नाहीत. खाली बारा सह्या, त्यातला एक अंगठा.

२ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे दुपार कलल्यावर खंडग्रास ग्रहण आहे. पावसाळा असेल, जमखंडीच्या हर्शेलसाहेबांसारखी ढगाची फट मिळाली तर दिसेल. ग्रहणाचे चष्मे किती मागवायचे आणि ते खऱ्या काचेचे आहेत हे कसं ओळखायचं, हा विषय आम्ही ग्रामसंघाच्या बैठकीत घेतलाय. जावेच्या लेकीनं आत्ताच सांगून ठेवलंय, तिला एक पाहिजे.